गुणाजी परबचा फळा

गुणाजी परब भांडुपच्या कारखान्यात पेंटर होता, मी फिटर. मशीनवरचे नंबर आणि धोक्याच्या सूचना तो हाताने रंगवायचा. एक अक्षर मनासारखं आलं नाही तर तीनदा पुसायचा. वेळ जायचा, पण त्याचं काम पुन्हा कुणाला करावं लागलं नाही.

निवृत्तीनंतर कांजूरमार्गच्या आमच्या चाळीतला मंडळाचा फळा त्याच्याकडे आला. आमची रीत जुनी, गिरण्यांच्या संपापासूनची. वर्गणी ज्याच्यासाठी काढली त्याचं नाव खोली नंबरासकट वर, देणाऱ्यांची नावं खाली. खोटं सांगून कुणी पैसे उकळू नयेत म्हणून.

हमीद आणि त्याची बायको जरमीना चौदा नंबरात भाड्याने राहत. काबूलहून जीव वाचवून आलेले. आश्रय मिळावा म्हणून दिल्लीत अर्ज केलेला. हमीद फर्निचरला पॉलिश करायचा. आमच्या गणपतीच्या मखराला त्याने दोन दिवस पॉलिश केलं आणि पैसे घेतले नाहीत. पाच हात मारले, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर घासला. तीन हातांत भागलं असतं, असं मी म्हणालो, तेव्हा हमीद आणि गुणाजी दोघांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. तेव्हापासून गुणाजीचं आणि त्याचं जमलं.

मार्चमध्ये पोलिसांनी हमीदला वर्कशॉपमधून नेलं. दिल्लीहून मिळालेल्या त्याच्या निर्वासित कार्डाची मुदत संपली होती, नवं आलं नव्हतं. परदेशी लोकांना ठेवतात त्या कोठडीत त्याला ठेवलं. मुलुंडच्या शर्मिष्ठाबाई वकील त्याच्यासाठी उभ्या राहिल्या. स्वतःची फी घेणार नव्हत्या, पण जामीन, भाषांतरं आणि कागदपत्रांना पैसा लागणार होता.

गुणाजी एकाहत्तरचा, गुडघे गेलेले. चौसष्ट खोल्या तो दोनदा फिरला. वरच्या मजल्यावरच्या कुंडलिकने टोमणा मारला, गावच्या देवळाचं छप्पर गळतंय आणि हा काबूलची वर्गणी काढतोय.

"मखरासमोर हात जोडलंस मां?" गुणाजी म्हणाला. "मग दी."

कुंडलिकने दिले.

शर्मिष्ठाबाईंनी आम्हा दोघांना एक गोष्ट बजावली होती. जरमीनाच्या कार्डाचीही मुदत संपली आहे. तिचा अर्ज कोर्टात दाखल होईपर्यंत तिचं नाव-पत्ता कुठेही येऊ देऊ नका. आम्ही मान हलवली. कुठेही म्हणजे पेपरात, टीव्हीवर, असं आम्ही धरलं. फळ्याचा विचार मनात आला नाही. फळा म्हणजे घरातलीच गोष्ट.

गुणाजीने या वेळी खडू घेतला नाही. प्रकरण लांबणार, खडू टिकणार नाही, म्हणून ऑइलपेंटने लिहिलं. "हमीद यांच्या सुटकेसाठी. पत्नी जरमीना, खोली १४." खाली देणाऱ्यांची नावं. पूर्ण दुपार लागली. स्टूल मी धरलं होतं. जरमीनाने काय लिहिलंय विचारलं, त्याने हिंदीत वाचून दाखवलं. आभार मानत तिने छातीवर हात ठेवला.

लोकांनी आपापल्या नावाचे फोटो काढले, गावच्या ग्रुपवर टाकले. दरवेळी टाकतात. पाचव्या दिवशी दोन हवालदार आणि एक महिला पोलीस आले. खोली कुठली, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. फोटो त्यांच्या मोबाइलवर होता. तो कुणी पुढे पाठवला ते कळलं नाही.

जरमीनाला एक पिशवी भरू दिली. गुणाजी जिन्यात आडवा उभा राहिला.

"मी लिहिलंय ते. चूक माझी आहे. मला न्या."

"काका, तुमचं आधार कार्ड आहे ना?" हवालदार म्हणाला. "मग तुम्हाला कशाला नेऊ?"

तो उद्धट नव्हता. त्याने गुणाजीचा दंड धरून त्याला हळूच बाजूला केलं. जरमीना खाली उतरताना फळ्यापाशी क्षणभर थांबली. मग गाडीत बसली.

शर्मिष्ठाबाईंना फोन मी केला.  त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं ना हो मी तुम्हाला." आता दोन अर्ज, दोन जामीन, आणि तारीख कोर्टाच्या सुट्टीनंतर.

गुणाजीने टर्पेंटाइन आणून फळा पुसला. रंग चांगल्या प्रतीचा होता, दोन तास लागले. पुसून झाल्यावरही बाजूने पाहिलं की १४ हे आकडे दिसत होते. त्याने काळ्या रंगाचा एक हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. तरी दिसत होते. अक्षर त्याने दाबून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर्गणीला निघाला. मी बरोबर होतो. पहिल्याच खोलीतल्यांनी विचारलं, नाव फळ्यावर येणार ना?

"नाय," गुणाजी म्हणाला.

आत जाऊन ते पैसे घेऊन आले. मागच्या वेळच्या निम्मे. पुढच्या दारातही तेच झालं. संध्याकाळपर्यंत आम्ही बत्तीस खोल्या केल्या. पहिली वर्गणी कागदपत्रांत संपली होती, आणि आता जमलं ते एका जामिनालाही पुरत नव्हतं. गुणाजी जिन्यावर बसला, गुडघे चोळले आणि विचारलं, "बाळा, एकाचेच झाले तर कुणाचा जामीन आधी भरूचो रे?"

 उरलेल्या बत्तीस खोल्या आम्ही दुसऱ्या दिवशी केल्या.