दहा गेले, नऊ आले

आधारभाऊ तायडे वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस जरा निवांत होईल. तसं काही झालं नाही. तेहतीस वर्षं त्यांनी काडतुसं तपासली होती. रोज गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे, काडेपेटी नाही, लायटर नाही, मग आत. ती सवय अंगात मुरलेली. बाजाराला निघाले तरी गॅसचं बटण बघायला दोनदा माघारी येत. एसटीत चढण्याआधी वाकून चाकं बघत.

त्यांच्या बायकोचा, द्रौपदाबाईंचा, स्वभाव अगदी उलटा. अंगणवाडीत मदतनीस म्हणून पंचवीस वर्षं काढलेल्या, हसऱ्या, पायाला भिंगरी. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्या तेव्हा. पाण्यात पाय बुडवायला निघाल्या, तर गर्दीत चुकामूक होईल म्हणून आधारभाऊंनी मनगट धरून मागं ओढलं. "पानी दहा पावलांवर होतं," असं त्या पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या.

त्यांची मुलगी सपना भुसावळला पोस्टात आहे. तिनं हे लहानपणापासून ऐकलेलं. मागच्या फेब्रुवारीत तिनं आईबाबांची आणि स्वतःची अंदमानची तिकिटंच काढून आणली.

घराची किल्ली माझ्याकडे दिली होती. हावड्याला पोचेपर्यंत मला आधारभाऊंचे पाच फोन आले. विमानात बसायच्या आधी शेवटचा आला, "भाऊ, मागच्या दाराची कडी हालवून पाह्यजा बरं." मी हालवून पाहिली. चांगली होती.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दोन तास गेल्यावर ते बेट लागलं. एवढंसं, की रिक्षा वीस मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला जाई. नारळ, सुपारी, मधूनच केळी. केळी दिसल्यावर आधारभाऊंना क्षणभर बरं वाटलं, पण ती बोटाएवढीच होती. दवाखाना एकच, तोही लहान. बोट दिवसातून दोनदा.

"और हवा छूटी तो?" त्यांनी लॉजच्या बंगाली मालकाला विचारलं.

"तो नहीं आएगी," तो सहज म्हणाला.

तेव्हापासून आधारभाऊ झाडांचे शेंडे बघत राहिले, हलताहेत का म्हणून. लॉजच्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असत. त्या त्यांनी डायरीत उतरवून घेतल्या. समुद्र रोज मागं सरतो आणि परत येतो, हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर धडकी भरली. तापीचं पाणी असं घड्याळ लावून माघारी फिरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी ओसरलं की प्रवाळाच्या खडकावरून चालत पार आतपर्यंत जाता येतं, रंगीत मासे दिसतात. सपनाचं पोट बिघडलेलं, ती खोलीत झोपून होती.

"मी पाहून येते," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तुम्ही चालता?"

"मी इथीच बसतो. सपनाची माय, पानी साडेसातले फिरते. त्याच्या आत मांघे ये."

"हो बापा, येते."

वाटाड्या सोडून दहा माणसं गेली. आधारभाऊंनी मोजली.

सव्वासातपासून माणसं दोघं-तिघं करत परतू लागली. ओले पाय, मोबाइलवर एकमेकांचे फोटो दाखवणं, हसणं. आधारभाऊ उभे राहून मोजत होते. सहा. आठ. नऊ. शेवटी वाटाड्या आला.

"मेरी मिसेस?"

"वो अम्मा? वो तो पहले लौट गई, एक फॅमिली के साथ."

"नहीं लौटी. मैं इधरच बैठा हूँ. दस गए, नौ आए."

वाटाड्या हसला, पण वळून त्यानंही मोजलं. मग हसू गेलं. दूर, फेसाच्या अलीकडे, मोहरीच्या रंगाच्या लुगड्याचा एक ठिपका दिसत होता. ठिपका हलत नव्हता. मधल्या खोलगट पट्ट्यात पाणी चढू लागलं होतं.

वाटाड्या होडी आणायला पळाला. आधारभाऊंना पोहता येत नाही. ते बुटांसकट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. पायाखालचा खडक दिसेनासा झाला तसे ते थांबले. पुढं जाववेना, मागं फिरवेना. लाट आली की अंग मागं रेटलं जाई. तिथून ते ओरडले, "द्रौपदाऽऽ!" अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला नावानं हाक मारल्याचं आम्ही कुणी ऐकलेलं नाही.

ठिपक्यानं हात वर केला.

वाटाड्या आणि एक कोळी लहानशी होडी घेऊन त्यांच्या बाजूनं पुढं गेले. जेमतेम वीस मिनिटं लागली असतील. आधारभाऊ मला म्हणाले, "भाऊ, मी तेवढा टाइम श्वास घेतला का नही, मले आठवत नही."

द्रौपदाबाईंचा पाय प्रवाळाच्या फटीत अडकला होता. ओढला तसा घोटा आणखीनच कापला गेला. होडी पोचली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. दवाखान्यात सहा टाके पडले.

संध्याकाळी द्रौपदाबाईंनी सांगितलं. "मी लई आवाज दिले. वाऱ्यात कोनाले ऐकू गेलं नही. मंग गुपचूप बसली. म्हटलं, कोनी नही तं हे मोजतीनच."

"आन माही नजर चुकली असती तं?"

"तुमची?" त्या हसल्या.

आधारभाऊ हसले नाहीत. उठून बेसिनशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले, असं सपनानं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खरंच वारा सुटला आणि बोट आली नाही. ते चार वेळा धक्क्यावर जाऊन विचारून आले. त्यापुढच्या सकाळी बोट लागली, तेव्हा बायकोला आधार देऊन त्यांनी आधी तिला चढवलं, आणि पोर्ट ब्लेअर येईपर्यंत तिच्या दंडावरचा हात काढला नाही.

घोटा बरा व्हायला दीड महिना लागला. आता गल्लीत कुणी आलं, की द्रौपदाबाई अंदमान सांगायला बसतात. निळे मासे, पारदर्शक पाणी, लॉजवरच्या बंगाली बाईच्या हातचं कालवण. गोष्ट खडकापर्यंत आली, की आधारभाऊ उठून ओट्यावर जातात. आम्ही त्यांना बोलावत नाही. द्रौपदाबाई गोष्ट तिथंच सोडून लोकांना चहा देतात, आणि ते आत आले की दवाखान्यापासून पुढं सांगू लागतात.