पाच नंबरचा शर्ट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर पुढे चहा अंगावर सांडाल आणि दोष मला द्याल. माणूस निवडताना चूक होते, कुणाचीही होते. पण मी माणूस निवडलाच नाही हो. मी शर्ट निवडला.

मी गांगुर्डे. नाशिकरोडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. कबड्डीशी माझा संबंध टीव्हीपुरता. पण टीव्हीसमोर बसून मी असा काही तज्ज्ञ झालो होतो, की स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की लोक आपापले डबे उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. माझं एक लाडकं म्हणणं होतं. चढाई करणारी खेळाडू कुणीही निवडेल, ती आपोआप डोळ्यांत भरते. बचाव करणारी निवडायला नजर लागते! आणि ती नजर माझ्याकडे आहे, हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी प्राचार्य मॅडमना ते खरं वाटलं.

झालं असं, की आमचे क्रीडाशिक्षक आहेर सर स्कूटरवरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. इकडे मुलींच्या कबड्डी संघाची तब्येतही त्या पायाइतकीच. चढाईला दोन चांगल्या मुली होत्या, पण बचाव म्हणजे उघडं फाटक. समोरचीने यावं, हात लावावा आणि आरामात परत जावं. दर वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत घरी.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. यंदाही पहिल्या फेरीत हरलो तर संघ बंद आणि मैदानावर पार्किंग, असं सरळ सांगितलं. होस्टेलमध्ये खेळाडू मुलीसाठी एक जागा शिल्लक होती, राहणं-खाणं आणि फी सगळं माफ. त्या जागेवर एक भक्कम बचावपटू शोधून आणायची. मी लगेच सुरू झालो, की मॅडम, खरा खेळ कोपऱ्यात असतो, टोकाला उभी राहून चढाईवालीचा घोटा पकडणारी एक मुलगी मिळाली की सगळा संघ उभा राहतो.

मॅडम म्हणाल्या, "समजावू नका. आणा."

मग काय, मी निघालो. विंचूरच्या पलीकडे एका गावात यात्रेच्या कबड्डी स्पर्धा होत्या, मुलींच्याही. नाशिकहून प्राध्यापक आलेत म्हटल्यावर गावकऱ्यांनी मला शाल, नारळ दिला आणि स्टेजवरच्या सोफ्यावर बसवलं. सोफा मैदानापासून इतका लांब, की तिथून मुलींचे चेहरे दिसणं शक्यच नव्हतं. शर्टावरचे नंबर मात्र टपोरे दिसत होते. आणि टीव्हीवर बघून बघून मला सवय काय? नंबर बघायची!

गावच्या संघाची पाच नंबर बघितली आणि मी सोफ्यातून पुढे सरकलो. काय पकड होती! पहिल्या सामन्यात तिने डाव्या कोपऱ्यातून घोटे धरून धरून समोरच्या संघाला रडवलं. दुसऱ्या सामन्यात तीच पाच नंबर मधोमध उभी राहून कमरेला मिठी मारत होती. तिसऱ्यात तर तिने उजवा कोपरा सांभाळला. अहो, एकच मुलगी, आणि सगळ्या जागा! मी शेजारच्या सरपंचांना म्हटलं, अशी खेळाडू पिढीतून एकदाच होते. सरपंचांनी मान हलवली, त्यांचं लक्ष कुस्तीच्या इनामाकडे होतं.

आता एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती, लपवत नाही. ही पाच नंबर पहिल्या सामन्यात चांगली उंच वाटली होती आणि दुसऱ्यात जरा बुटकी. पण तज्ज्ञ माणसाला स्पष्टीकरण कधी कमी पडतं का? मी मनाशी ठरवलं, की ही परिस्थिती बघून वाकून उभी राहते. खेळाची किती खोल समज!

बक्षीस समारंभ संपला आणि मी संघाच्या कोचला गाठलं. साधा, मातीने माखलेला गडी. मी म्हटलं, मला तुमची पाच नंबर हवी आहे.

त्याने डोकं खाजवलं. "पाच नंबर म्हंजी नक्की कोनती, सर?"

मी मनात हसलो. हा गडी पोरगी लपवतोय! दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजने आधीच गळ टाकलेला दिसतोय. तो पुढे काही सांगायला लागला, की सर, आमच्याकडं शर्टाचं काय हाय ना... मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, काळजी करू नका, शर्ट, बूट, सगळं आमचं कॉलेज देईल.

तेवढ्यात समोरून पाच नंबर चालत आली. ऋतुजा नाव. बारावी झालेली, सडपातळ, हातात ओल्या कपड्यांनी ठासून भरलेली पिशवी. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, बेटा, तुझा खेळ बघून मी थक्क झालो. ती गोंधळून म्हणाली, "सर, मी नव्हते ओ खेळत."

बघा! काय नम्रता! मी तिथल्या तिथे नम्रतेवर एक छोटं भाषण दिलं. ती आणखी दोनदा काहीतरी बोलायला गेली, पण भाषण सुरू असताना मध्ये बोललेलं मला चालत नाही, हे माझ्या वर्गातल्या कुणालाही विचारा.

तिचे वडील निवृत्तीभाऊ, विंचूरच्या मार्केटला कांद्याचा टेम्पो चालवतात. त्यांना सांगितलं तर ते मुलीकडे बघतच राहिले. "आमची ऋतुजा? इतकं खेळती ती?"

मी म्हटलं, भाऊ, हेच तर दुर्दैव आहे, आईबापांना आपल्या पोरीचे गुण दिसत नाहीत. त्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, की बारावीपुढं नाशिकला ठेवायची ऐपत नाही म्हणून तिचं शिक्षण थांबवायचं घरात ठरलं होतं. "मग सर, आता शिकंल का ती?"

"शिकेल," मी म्हटलं. ऋतुजा बोलायची थांबली होती. ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती, आणि निवृत्तीभाऊंनी डोळे पुसले. माझाही ऊर भरून आला. आपण एका मुलीचं आयुष्य घडवतोय, असं काहीतरी मला वाटायला लागलं. परत येताना एसटीत मी शेजारच्या प्रवाशाला सगळा किस्सा दोनदा सांगितला. तो चांदोरीला उतरला, म्हणाला नाशिकपर्यंत जायचं होतं, पण चालेल.

कॉलेजात पहिला सराव. आहेर सर कुबड्या घेऊन मुद्दाम बघायला आलेले. मी त्यांना म्हटलं, सर, डावा कोपरा बघा फक्त. आमची एक मुलगी चढाईला गेली. ऋतुजाने तिला येताना पाहिलं आणि शांतपणे बाजूला होऊन वाट दिली. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला देतात ना, तशी.

दुसरी चढाई. ह्या वेळी ऋतुजा स्वतःच रेषेबाहेर जाऊन उभी राहिली.

आहेर सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नवीन जागा आहे, बुजलीय. तेवढ्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बोलली स्पष्ट. तिच्या गावच्या संघात बारा मुली आणि शर्ट सातच. जी आत जाईल ती बाहेर येणारीच्या अंगातला शर्ट घालते. पाच नंबरच्या शर्टात त्या दिवशी आधी सोनाली होती, मग काजल, मग सोनालीची मावसबहीण. ऋतुजा राखीव. ती आत गेलीच नव्हती. सामने संपल्यावर शर्ट धुवायची पाळी तिची होती. बाकीचे पिशवीत घातले होते, एक पिशवीत मावेना म्हणून अंगात घातला.

"मी सांगत होते सर, तुम्ही बोलूच देईनात. मग बाबा रडले, आन् मला सांगवंना. मला शिकायचं होतं." एवढं बोलून ती होस्टेलकडे वळली, पिशवी भरायला.

काय वाटलं असेल मला? लाज वाटली. सरळ सांगतो, एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी एका बापाला शब्द दिला होता, तोही एका शर्टाकडे बघून. तिला थांबायला सांगून मी तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, मॅडम, मी खेळाडू नाही आणली. शर्ट आणलाय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मग आता त्या शर्टात खेळाडू भरा. पहिली फेरी जिंकलात तर जागा तिची. नाहीतर तिची जागाही जाईल आणि मैदानही."

आहेर सरांनी तिला हाताखाली घेतलं. मला मैदानावर यायला बंदी घातली, अगदी प्रेमाने. पण बातम्या कानावर यायच्या. ऋतुजा पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर असते. गुडघे फुटले तरी उठते. आहेर सर खुर्चीत बसून कुबडी पुढे सरकवायचे आणि ती कुबडी घोटा समजून पकडायला लावायचे. एकदा तिने ती सरांच्या हातातून ओढून नेली, तेव्हा सर म्हणे पहिल्यांदा हसले.

आला सामन्याचा दिवस. गॅलरीत मी, शेजारी टेम्पो मार्केटला लावून आलेले निवृत्तीभाऊ. मैदान खाली, लांब. आणि माझी नजर कुठे? नंबरांवर! अनुभवाने माणूस शहाणा होतो, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला अजून ओळखलं नाही.

पाच नंबर झकास खेळत होती. मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले, भाऊंना म्हटलं, बघा तुमची लेक! भाऊ नुसते "हं" म्हणाले. तीन नंबरने मात्र घाई करून दोन सोपे गुण घालवले आणि माझं डोकं फिरलं. मी उभा राहून ओरडलो, "आहेर सर, त्या तीन नंबरला बाहेर काढा!" भाऊ टोपी सारखी करत बसले.

शेवटची चढाई. बरोबरीत सामना. समोरची सगळ्यात तेज मुलगी आत आली, बोनसचा एक गुण जरी मारला असता तर आम्ही संपलो असतो. तिने पाय टाकला, आणि कोपऱ्यातून तीन नंबर वाऱ्यासारखी खाली गेली. घोटा! दोन्ही हातांत घोटा, आणि सोडायचं नावच नाही! शिट्टी वाजली. जिंकलो.

मी बाकावर चढून नाचत होतो. "कुणी निवडली ही तीन नंबर? नजर असावी तर अशी!"

निवृत्तीभाऊंनी माझी बाही ओढली. त्यांचे डोळे भरलेले होते. "सर, रागावू नका. पाच नंबरचा शर्ट ऋतुजाला लय ढगळ व्हत व्हता, म्हणून तिनं तीन नंबर घेतला. तुम्ही मघाधरनं जिला बाहेर काढा म्हणत व्हता ना, ती आमची."

मी हळूच बाकावरून खाली उतरलो. खाली ऋतुजा वर बघून हात हलवत होती, वडिलांना आणि मलाही. मी हात हलवला. चेहरा तेव्हा कुठे नीट बघितला. छान हसते ती.

होस्टेलची जागा तिची झाली, मैदानावर अजून एकही गाडी लागलेली नाही. आणि परवा मॅडम म्हणाल्या, गांगुर्डे सर, पुढच्या वर्षी मुलांचा संघही तुम्हीच निवडा.

मी हो म्हटलं. अट एकच घातलीय. मी बघायला येईन तेव्हा पोरांनी उघड्या अंगाने खेळायचं.