रविवारचा वर्ग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठायचो. आज उठायचं नाही, असं ठरवलंय — बघू.

लढाईचे दिवस होते. वडूजच्या शाळेत मी मास्तर होतो. नुकती लग्नं झालेल्या पोरांसाठी, रजेवर आलेल्या शिपायांसाठी मी दर रविवारी मारुतीच्या देवळात वर्ग घ्यायचो — बाप कसं व्हावं, याचा. जुन्या ग्रंथांतले संस्कार, गर्भवतीचा आहार, तिच्या मनाची शांतता. बायकोवर हात उगारू नका, पोराचं पहिलं अक्षर स्वतः गिरवून घ्या, असंही सांगायचो. वाईट काय होतं त्यात? पण एक वाक्य मी फार ठसक्यात म्हणायचो — आईबाप जसे वागतात, तसं मूल निपजतं. सगळ्यांच्या माना डोलायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

खोटं वेगळंच होतं. माझी मुलगी, सुमन, जन्मतः बहिरी होती. तिला मी मेढ्याला सासुरवाडीत ठेवलं होतं, आणि वडूजात सांगायचो — आम्हाला मूलबाळ नाही. पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढं सवय झाली.

गणपत माझ्या वर्गात सगळ्यांत मन लावून ऐकायचा. त्याच्या बायकोला, येसूला, मुलगा झाला — वरचा ओठ फाटलेला. गणपतच्या आईनं लगेच निकाल दिला : सुनेनं ग्रहणात विळी धरली. एका संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, आई म्हनती तिला म्हायेरी धाड. ती रडून सांगती, म्या गिराणात इळीला हातबी लावला न्हाई. तुमीच सांगा — समदं नीट पाळल्यालीच्या पोटीबी असं व्हतंय का? तुमी कुनाचं बघितलंय का?"

तुम्हीच सांगा, याहून सरळ कुणी काय विचारावं? माझ्या बायकोनं सगळं पाळलं होतं. ग्रहणात पाण्याचा घोटही घेतला नव्हता — मीच घेऊ दिला नव्हता. एक "होय" पुरेसं होतं. पण मग रविवारी देवळात कुठल्या तोंडानं बसणार होतो?

"नाही," मी म्हणालो. "मी तरी पाहिलेलं नाही."

येसूला शिराळ्याला माहेरी पोचवलं. बाळाला दूध ओढता येत नव्हतं. ते तिकडंच गेलं. गणपतनं दुसरं लग्न केलं. आणि मी? मी वर्ग चालूच ठेवला. गणपत पहिल्या रांगेत बसायचा.

तो विचारत होता तेव्हा माझी बायको आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला होता. माझं "नाही" झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला. ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. सुमनचं नाव तिनं माझ्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही.