सारिकाच्या आईचं चित्र

हे मी आजवर कुणापाशीही बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, शाळेतल्या बायांपाशी तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून धीर होतोय. तरी बघा, पहिल्या चार ओळी लिहायला अर्धा दिवस गेला — मधे दोनदा उठून डाळ निवडली. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडली!

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पाथर्डी तालुक्यात, एका द्विशिक्षकी शाळेत, उभी हयात काढली म्हणा ना. आता रिटायर होऊन घरी बसलेय. पण मुलांची चित्रं जपायचा विषय निघाला की अजून माझंच नाव निघतं. ‘बाईंना विचारा, बाईंनी किती छान जपलीत.’ परवा शेवगावची एक नवी शिक्षिका फोन करून विचारत होती, तेव्हा तिला मी तासभर सांगत बसले. लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून चौकटी करायच्या. जुन्या कॅलेंडरची वरची पत्र्याची पट्टी काढून ठेवायची, तिच्यात चित्र अडकवलं की खिळ्याला झकास लटकतं. जुनं नऊवारी फाडून लांब पट्टा करायचा, त्यावर वर्षभराची चित्रं टाचायची आणि चटईसारखी गुंडाळी करून ठेवायची. पालकसभेला ओट्यावर उलगडली की आयाबाया हरखून जातात. कागदांच्या मधे कडुनिंबाचा वाळका पाला घालायचा, म्हणजे कसर लागत नाही.

सगळं सांगितलं. एवढं एक सोडून.

आणि माझा जीव होता हो त्या चित्रांवर, हे खोटं नाही. पोरं काय काय काढायची! एकाने विहिरीत पडलेला चंद्र काढला होता आणि त्याला बाहेर काढायला बादली. एकीने आजोबांच्या मिशीवर चिमण्या बसवल्या होत्या. मी एकेक कागद फुंकर घालून ठेवायचे. मग माझ्याच हातून असं का झालं? — थांबा. आधी सारिकाचं सांगते.

सारिका तिसरीला होती. बारीक अंगाची, केसांना कायम लाल रिबीन, आणि बोलणं म्हणाल तर आठवड्यातून दोन वाक्यं. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. आदल्या वर्षी तीही त्यांच्यासोबत गेली होती, शाळा बुडाली होती. त्या वर्षी मीच घरी जाऊन भांडभांड भांडले आणि तिला आजीपाशी ठेवून घेतलं. तान्ही बहीण तेवढी आईबरोबर गेली. म्हणजे पोरीला आईपासून तोडलं तेही मीच, भल्यासाठी का असेना.

संक्रांतीच्या सुमाराला शाळेत वरचे साहेब येणार होते. मी ठरवलं, वर्गात चित्रांचं प्रदर्शन मांडायचं. विषय दिला — माझी आई. सारिका दोन दिवस त्या कागदावर पालथी पडून होती, मधल्या सुट्टीत खेळायलासुद्धा उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चित्र आणून दिलं.

काय सांगू तुम्हाला त्या चित्राचं! कागदभर आई. डोकं पार वरच्या काठाला टेकलेलं. साडी काळ्या आणि तपकिरी रंगाने इतकी दाबून रंगवलेली की कागद मागून फुगला होता. पायाशी एवढीशी कोपी, तोडीवरची पाचटाची झोपडी, खेळण्यातली वाटावी अशी. आणि आईला हात तीन.

मी विचारलं, “अगं, तीन कसे?”

माझ्याकडे तिने असं पाहिलं की एवढी मोठी बाई आणि हिला एवढंही कळत नाही. म्हणाली, “एका हातानं ऊस धरती, एका हातानं कोयता मारती. मंग बाळाला कोन धरनार?”

तेव्हा मी काय केलं असेल? हसले. गाल ओढला तिचा आणि शाब्बास म्हटलं. मनातून मात्र धाकधूक सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी एका पाहुण्यांनी एका पोराची हिरवी गाय पाहून सगळ्यांदेखत विचारलं होतं, ‘बाई, गाय हिरवी असते असं शिकवता का?’ — आणि सगळे हसले होते. ते हसू माझ्या डोक्यात बसलं होतं. तीन हातांची बाई पाहिली तर साहेब काय म्हणतील? पोरीला काही म्हणाले नसते. मला म्हणाले असते. आणि मला माझं नाव प्यारं होतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता. रविवारी सकाळी, घरच्या ओट्यावर, चांगल्या उन्हात बसून मी सारिकाच्या आईचं दुसरं चित्र काढलं. निळी साडी, लाल काठ, कपाळावर गोल कुंकू. मागे डोंगर, डोंगरात सूर्य. हात दोन. रेघा मुद्दाम जरा वाकड्या काढल्या, पोरीने काढलंय असं वाटायला — ही अक्कल बघा माझी! खाली तिच्या अक्षराची नक्कल करून नाव घातलं. सारिका ‘र’ला मोठी शेपटी काढायची, तीसुद्धा काढली.

सोमवारी साहेब यायच्या आधी सारिका त्या चित्रासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, हे माझं न्हाई.”

अजूनही वेळ गेली नव्हती. कान धरून म्हणता आलं असतं, चुकलं गं बाई माझं. मी काय म्हणाले? “तुझंच आहे. तूच काढलंस, विसरलीस होय? नाव वाच बरं.”

तिने नाव वाचलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, “व्हय बाई.”

त्या दोन शब्दांनी माझा जीव हलका झाला, हे कबूल करते. लाज नंतर आली. तेव्हा नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

साहेबांना नेमकं तेच चित्र आवडलं. त्यांनी सारिकाला पुढे बोलावून पाठ थोपटली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत ती चित्र धरून उभी आहे आणि खाली बघतेय. लाजली, असं आम्ही सगळे म्हणालो.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तोडीच्या टोळ्या परत आल्या, तशी तिची आई शाळेत आली. रापलेली, नखं उकललेली, कडेवर धाकटी. मी ते चित्र प्लॅस्टिकमध्ये घालून, लग्नपत्रिकेची चौकट लावून तिच्या हातात दिलं. तिने पदराला हात पुसून ते धरलं. लई वेळ न्याहाळलं. मग लेकीला म्हणाली, “फोनवर तं म्हनत हुतीस, आई, तुला तीन हात काढलेत म्हनून.”

मी तिथेच उभी होते. सारिकाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“न्हाई,” ती म्हणाली, “दोनच काढल्ते.”

तिला खरंच तसं वाटू लागलं होतं, की तिने मला पाठीशी घातलं? आठ वर्षांच्या पोरीने? मला कधीच कळलं नाही. कारण मी कधी विचारलंच नाही. त्यानंतर ती चित्र काढायला बसली की आधी माझ्याकडे बघायची. निळी साडी, डोंगर, सूर्य. दर वेळी तेच. चौथीपर्यंत तेच.

मागच्या महिन्यात तिसगावच्या बाजारात कुणीतरी मागून हाक मारली. सारिका. लग्न होऊन तिथेच दिलीय. “बाई, घरी आल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई,” म्हणत माझी पिशवी हिसकावूनच घेतली. घर नीटनेटकं, दोन खोल्यांचं. आणि टीव्हीच्या वर, नव्या काचेच्या फ्रेममध्ये — ते. तिच्या आईने लग्नात दिलेलं.

“आई म्हनती, घरात आग लागली तर आधी हे काढ,” सारिका हसत म्हणाली. मग फ्रेमची काच पदराने पुसत, “लई डाव काढून बघितलं, बाई. पन पुन्हा तसं जमलंच न्हाई मला. मग सोडूनच दिलं.”

तिची सहा वर्षांची लेक फरशीवर पालथी पडून काहीतरी काढत होती. मोटरसायकल होती, आणि तिच्यावर बसलेल्या बापाला पाठीलाही डोळे होते. मागे बसलेली ती दिसायला नको का त्याला? सारिकाने कागद उचलला, कपाळाला हात लावला आणि माझ्यापुढे धरला. “काय ध्यान काढलंय! बाई, तुमीच जरा नीट करून द्या की.”

तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी कागद पोरीला परत दिला. छान आहे म्हटलं, असंच राहू दे. एवढंच. भिंतीवरच्या चित्राबद्दल एक शब्द काढला नाही. चहा घेतला, बशीतला लाडू खाल्ला, सारिकाने वाकून नमस्कार केला तो घेतला. ती स्टँडपर्यंत सोडायला आली, तेव्हाही बोलले नाही.

ते चित्र सारिकाने काढलेलं नाही. मी काढलंय. तिने काढलेलं मी त्या सोमवारी सकाळी, पोरं यायच्या आत, शाळेतल्या खिचडीच्या चुलीत घातलं.