माझ्यामागून जेवणारी

माझं वजन जबलपुरात प्रसिद्ध होतं असं म्हटलं तर ती बढाई होईल. पण तिथल्या बडा फुहारा बाजारात ते प्रसिद्ध होतं, हे तिथला कोणीही सांगेल. तिथे आमचं कापडाचं दुकान. गादीवर बसून धंदा करायचा आणि दिवसभर उठायचं नाही, त्यामुळे त्या गादीला माझ्या जागी घमेल्याचा आकार आला होता. कोणी पत्ता विचारला की शेजारचे दुकानदार सांगत, ‘वो मोटे मराठी सेठ, उन्हीं की दुकान.’ मला राग येत नसे. गिऱ्हाईक चुकत नसे, एवढं मला पुरे होतं.

जेवणाला मी कधी वेळ दिला नाही. दुपारी स्कूटरवरून मदन महलला घरी यायचं, पाटावर बसायचं, आणि ट्रकमधून गठ्ठे उतरवावेत तसं जेवण आत उतरवायचं. बायको तव्यावरची पोळी ताटात टाकायची. तिचा हात मागे जाईपर्यंत पोळी गेलेली असायची. दहा मिनिटांत मी हात धुऊन परत स्कूटरवर. मी उठलो की ती बसायची. बाईने मागून जेवायचं, हे तिच्या वर्ध्याच्या माहेरी होतं आणि माझ्याही घरी होतं, म्हणून ही एक रीत आहे हेच आम्हाला कधी कळलं नाही. घराला भिंती असतात तशी ती होती.

मग गुडघे गेले. दोन पायऱ्या चढलो की धाप लागायची. नागपूरच्या एका डॉक्टरने जठराच्या वरच्या अंगाला पट्टा बसवायचा सल्ला दिला. मी बसवून घेतला. पोतं भरलं की आपण वरून सुतळी आवळतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे पोतं भरायच्या आधीच सुतळी आवळलेली. चार चमचे भात खाल्ला की पोट म्हणतं, झालं, दुकान बंद.

त्या डॉक्टरांकडे आहार सांगणारी एक मुलगी होती. माझ्या लेकीच्या वयाची, पण बोलायची सासूसारखी.

‘काका, तुम्ही जेवतच नाही जी. तुम्ही गिळता.’

मग तिने जेवायचं कसं ते शिकवलं. घास करंगळीच्या नखाएवढा घ्यायचा. त्याची चटणी होईपर्यंत चावायचा. चमचा खाली ठेवायचा आणि घास गळ्याखाली गेल्यावरच परत उचलायचा. टीव्ही नाही, फोन नाही, बोलणं नाही. ‘घासाकडे लक्ष द्यायचं काका, बाकी कशाकडे नाही.’ मी मान डोलावली. गिऱ्हाइकाने भाव सांगितला की डोलावतो तशी.

जबलपूरला आल्यावर पहिला प्रयोग मी त्या पट्ट्यावरच केला. पनागरचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आलं होतं. भावावरून घासाघीस चालली होती. त्यांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले आणि एक माझ्या हातात ठेवला. जुन्या सवयीने मी अर्धा एका घासात आत टाकला. तो पट्ट्यापाशी गेला आणि अडला. खाली जाईना, वर येईना. छातीत कोणी मुठी मारतंय असं झालं, तोंडात लाळ भरली, डोळ्यांतून धारा लागल्या. बोलता येईना. मुलीचा बाप माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने आपल्या बायकोला हळूच म्हटलं, ‘भाव बहुत ज़्यादा कटवा लिए क्या?’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, ‘सेठजी, रोइए मत. चलो, जो आप बोले थे वही दे देंगे.’

मी मान हलवून नाही म्हणत होतो. त्यांना वाटलं, अजूनही कमी पडतंय.

त्या दिवसापासून मी सुधारलो. आणि माझं सुधारणं हे माझ्या बिघडण्याहून वाईट निघालं. जन्मभर हादडलेला माणूस एकदा सावकाश जेवायला लागला की त्याला वाटतं, हा शोध आपणच लावला. मी दुकान दुपारी जास्त वेळ बंद ठेवायला लागलो. घरी येऊन टेबलाशी बसायचो (पाट सुटला होता), वाटीभर मऊ भात आणि वरण समोर घ्यायचो, आधी वास घ्यायचो, मग बघायचो. शीत शीत बघायचो. तुरीच्या डाळीला गोडवा असतो, जिरं तुपात किती वेळ होतं ते वासावरून कळतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर समजलं. डोळे मिटून चावायचो. माझं जेवण तासावर गेलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची.

‘तुम्ही जेवून राहिले का पूजा करून राहिले?’

मी बोट वर करायचो. जेवताना बोलणं नाही. ते बोट मला फार आवडायला लागलं होतं. तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे हात जोडलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणाला तरी गप्प करायचं साधन मिळालं होतं.

‘अन्नाशी बोला,’ ती आत जाता जाता म्हणायची, ‘माणसांशी नका बोलू.’

कधी म्हणायची, ‘आज जरा लवकर आटपता का?’ मी पुन्हा बोट. मला वाटायचं, हिला माझी शिस्त बघवत नाही. दुकानात मी लोकांना सांगायचोसुद्धा: घरची माणसंच आपल्याला सुधारू देत नाहीत, भैया.

तिला साखरेचा आजार होता. जेवणाआधी घ्यायची एक गोळी होती; ती घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर साखर एकदम उतरते. ती गोळी ती कधी घ्यायची, हे मला माहीत नव्हतं. मला विचाराल तर गोळीचा रंगही सांगता आला नसता. नंतर कळलं, मी जेवायला बसलो की ती गोळी घ्यायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मी बसलो म्हणजे दहा मिनिटांत उठणार आणि ती बसणार. माझं जेवण हेच तिचं घड्याळ होतं. ते घड्याळ मी नागपूरला जाऊन मंद करून आणलं आणि घरात कोणाला सांगितलं नाही. लेक सासरी; घरात होतं तरी कोण, तीच.

त्या दिवशी दुधी होता. वरण होतं, भात होता. दुधीत हिंग किंचित जास्त झाला होता, हे मला आजही आठवतं, आणि हे आठवतं याचीच लाज वाटते. मी डोळे मिटून चावत होतो. आतून तिचा आवाज आला, ‘दूध उतू चाललंय, आईला सांगा ना.’

दूध गॅसवर नव्हतं. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं, चिडवून राहिली आहे. मी डोळे न उघडता बोट वर केलं.

मग भांडं पडलं. मग आणखी काहीतरी पडलं, ते भांडं नव्हतं.

मी आत गेलो तर ती फ्रिजला टेकून जमिनीवर बसलेली. पोलकं घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी चुकून भलत्याच घरात शिरलोय. मला हाक मारायची होती. शेजारी एक दीदी राहतात, भिंतीला भिंत लागून, एका हाकेत येतात. पण माझ्या तोंडात घास होता. आणि मी तो चावला. तिथे उभा राहून, तिच्याकडे बघत, मी तो घास चटणी होईपर्यंत चावला, गिळला, आणि मग हाक मारली. थुंकून टाकता आला असता. हातावर काढता आला असता. लहान पोरालाही सुचलं असतं.

दीदी धावत आल्या. त्यांनी एक नजर टाकली आणि साखरेचा डबा मागितला. तो कुठे असतो ते मला माहीत नव्हतं, त्यांनीच शोधला. पाण्यात साखर कालवून त्या तिला घोट घोट पाजत होत्या. ‘भाईसाहब, भाभी ने खाना कब खाया?’ मी म्हटलं, ‘अभी खाएँगी. मेरा हो जाए, फिर.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे एवढंच म्हणाल्या, ‘रिक्शा बुलाइए.’

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ती भानावर आली होती आणि भानावर आल्यावर पहिलं वाक्य बोलली, ‘यांचं जेवण अर्धं राहिलं.’ डॉक्टरांनी तपासलं, सुई टोचून साखर बघितली, आणि मला विचारलं, ‘खाना कितने बजे होता है? क्या-क्या लेते हैं?’

या विषयात मी पंडित झालो होतो. मी सुरू झालो: एक बजे बैठते हैं, एक कटोरी चावल, दाल पतली नहीं, सब्ज़ी मसली हुई, हर निवाला…

‘आपका नहीं,’ डॉक्टर म्हणाले, ‘इनका.’

मी बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली, जणू चूक तिचीच. मला खरंच सांगता येईना. ती भात आधी खाते की पोळी? तिखट लागतं का? दोन पोळ्या की तीन? तीस वर्षांत मी तिला जेवताना बघितलंच नव्हतं. लग्नकार्यात बायकांची पंगत वेगळी, घरात मी उठल्यावर ती. डाळीतलं जिरं ओळखणारा मी, आणि मला हे माहीत नाही. डॉक्टरांनी वाट बघून तिलाच विचारलं. ती बोलली. मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तेही एका परक्या माणसाला सांगताना.

दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं: एकत्र बसायचं.

‘मला नाही जमत,’ ती म्हणाली. ‘तुमची वाटी एवढीशी, आणि माझ्या ताटात दोन पोळ्या. कसंसंच वाटते.’

‘मग काय, माझ्यासाठी पट्टा तू पण लावणार?’

‘जोक नका मारू. माझ्यानं नाही होत.’

बसली शेवटी. पण तिरपी, पदर पुढे ओढून, पाहुणी बसते तशी. पहिले काही दिवस तर तिने पोळ्याच कमी केल्या, मला बरं वाटावं म्हणून. ते कळल्यावर मी रागावलो. रागावलो म्हणजे आवाज चढवला, जे मला सोपं जातं. मग ती नीट वाढून घ्यायला लागली.

आणि मी तिला जेवताना बघितलं. मला वाटलं होतं, इतकी वर्षं शांतपणे मागून जेवणारी बाई सावकाश जेवत असेल. ती पूर्वीच्या माझ्यासारखीच भराभर जेवायची. पोळीचे मोठे तुकडे डाळीत बुडवून, न चावता, एक डोळा सिंकवर ठेवून. तळलेली मिरची तिला आवडते, हेही तेव्हाच समजलं. ती आधी मिरचीच खाते. मला तर आता उपदेशाची सवय.

‘सावकाश जेव ना. चाव नीट.’

‘आता काहून?’ ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारत होती. ‘इतक्या वर्षांत कोणी नाही म्हटलं.’

मग तिने सांगितलं, माहेरी सगळे जेवून झाल्यावर बायका बसत, आणि तोवर नळ जायची वेळ होत आलेली असे. नळ गेला तर भांडी संध्याकाळपर्यंत तशीच. म्हणून भराभर जेवायचं आणि उठायचं. लग्न होऊन इथे आली, इथे टाकी होती, पाणी दिवसभर होतं. पण जेवण काही तिला सावकाश करता आलं नाही. मी त्या वेळी स्कूटरला किक मारत असायचो.

मी म्हटलं, ‘आता नळ जात नाही.’

‘माहीत आहे जी. पण हाताला नाही ना माहीत.’

आता आम्ही रोज समोरासमोर बसतो. गोळी ती माझ्या देखत घेते. तिचा रंग आता मला माहीत आहे. मी तिला शिकवायचं सोडलं. कोणाला सावकाश जेवायला शिकवायचं असेल तर त्याला आधी तशी दुपार द्यावी लागते, आणि माझ्याकडे द्यायला होत्या त्या सगळ्या मी दुकानात घालवल्या. लोक म्हणतात, सेठ, काय तब्येत केली, अर्धे झालात. मी हसतो. घरी येऊन बसतो, तर तिचं ताट दहा मिनिटांत रिकामं. माझी वाटी तेव्हा जेमतेम सुरू झालेली.

‘ऊठ, हात धुऊन घे,’ मी म्हणतो.

‘तुमचं होऊ द्या.’

नवऱ्याच्या आधी ताटावरून उठायचं नाही, ही त्या रीतीची दुसरी बाजू मी विसरलो होतो. ती बसून राहते. डाळीचा हात वाळत जातो, बोटांवर पापडी धरते. मग मी चमचा खाली ठेवायचा विसरतो, घास मोठा घेतो, पुरता न चावता ढकलतो, तिला उठता यावं म्हणून. परवा असाच अडकला. छातीत त्याच मुठी, डोळ्यांत पाणी. ती उठून मागे आली आणि डाव्या हाताने माझी पाठ चोळायला लागली.

‘सावकाश जी, सावकाश. कोण मागे लागलं तुमच्या?’

मला बोलता येत नव्हतं. तिचा उजवा हात तसाच खरकटा, माझ्या कपड्यांना लागू नये म्हणून बाजूला धरलेला.