अर्धशिशीची गोळी आणि पाहुण्यांची बादली

हे सांगावं की नाही, याचा मी चहा निवेपर्यंत विचार केला. पण तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या देवळी गावात हे ठाऊक नाही असा माणूस आता उरलेला नाही.

मला अर्धशिशी आहे. ती उठली की डाव्या डोळ्यामागे कुणीतरी उखळात तिखट कुटायला बसतं. वर्ध्याच्या डॉक्टरबाईंनी आधी हृदय तपासलं आणि मग गोळी दिली. म्हणाल्या, "डोक्यातल्या काही नसा फुगून ठणकतात. ही गोळी त्यांना आवळते."

मी थक्क झालो. तुरीच्या डाळीएवढी गोळी पोटात पडते आणि डोक्यातली नस शोधून काढते. हिला रस्ता कोण दाखवतं?

मनीषाला, म्हणजे माझ्या मुलीला, पाहायला वर्ध्याचे पाहुणे यायचे होते. मुलगा शिक्षक, मनीषाच्या मनातही भरलेला. नेमकं त्याच सकाळी डोकं उठलं. मी गोळी गिळली, आणि मग माझ्यातला शेतकरी जागा झाला.

आमच्या शेतात ठिबक आहे. मोटर चालू ठेवून सगळे कॉक बंद केले तर काय होतं? नळी जोडापासून उडते. इथे वरचे कॉक मी स्वतःच आवळले होते, आणि छातीतली मोटर तर बंद करता येत नाही. मग रक्त जाणार कुठे?

खालचे कॉक उघडायलाच हवेत. गरम पाण्याने नसा सैल होतात एवढं मला माहीत होतं. अंगणात पाहुण्यांना पाय धुवायला बादली भरून ठेवली होती. तिच्यात चुलीवरचं आधण ओतलं, पाय बुडवले आणि डोळे मिटून बसलो. किती वेळ, कोण जाणे.

"अवो, हे काय करून राह्यले?" बायकोचा आवाज.

"वरचं पाणी खाली सोडून राह्यलो."

"पाव्हणे फाटकात आले. उठा पह्यले."

"आता उठलो तं नस फुटन."

डोळे उघडले तर समोर मुलाचे वडील. चपला काढून, धोतर सावरून, पाय धुवायच्या तयारीत. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालू द्या दादा. तुमचं झालं की आमी धुतो."

खिडकीत मनीषा उभी होती, रडायच्या बेतात. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी ठिबक, मोटर, कॉक, सगळं सांगून टाकलं. ते मान डोलावत ऐकत राहिले.

"बरं केलं," शेवटी म्हणाले. "पण हात काऊन कोरडे ठेवले? दोन कॉक अजून उघडले असते."

मनीषा हसली. मीही हसलो, आणि तेव्हा लक्षात आलं, उखळ बंद पडलं होतं. ऊन डोळ्यांना टोचत नव्हतं. गोळी तिच्या ठिकाणी पोहोचली होती. मी पाय मात्र बादलीतच ठेवले.

नंतर डॉक्टरबाई खूप हसल्या. म्हणाल्या, गोळी मुख्यतः मेंदूच्या आवरणातल्या नसांवर चालते. आतलं रक्त कुठे कमी, कुठे जास्त, ते मेंदू स्वतःच सांभाळतो. आयुष्यभर मी वावरात कॉक फिरवत हिंडलो, आणि पाणी वळवणारा इतका शहाणा ओलितकरी माझ्याच कवटीत बसलेला. त्या दिवशी वर्ध्याहून परतताना बसमध्ये मी डोकं खिडकीला टेकवलं नाही. उगाच त्याला धक्का नको.

सोयरीक जुळली. लग्नात जावयाचे पाय धुवायला मी परात पुढे ओढली, तर व्याही मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले:

"थांब रे पोरा, घाई नको करू. पह्यले पाहून घे, परातीत व्याह्याचे पाय तं नाई ना?"