होतो तो जाच
घोट्याचं हाड मोडलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं, तेव्हा मी इस्पितळात पडल्या पडल्या कामं लावून टाकली: वॉकर, रबरी चटई, बाथरूमसाठी प्लास्टिकची खुर्ची. मुलाला लगेच स्नेहलतागंजच्या दुकानांत पिटाळलं. तो गेला आणि प्लास्टर वाळत गेलं तसा आत पाय आवळायला लागला.

दुखणं येतं, ओसरतं. हे ओसरतच नव्हतं. कूस बदलता येईना, पाय काढून घेता येईना. सिस्टरला सांगितलं तर म्हणाली, "आंटीजी, नया प्लास्टर है, थोड़ा तो लगेगा." पुन्हा बेल दाबली, कुणी फिरकलं नाही. बोटं गार पडत चालली.

माझ्या आईकडे यासाठी एक शब्द होता. सासरी पिचणाऱ्या मावशीबद्दल ती म्हणायची, "मार परवडला, हा जाच नको." जाच म्हणजे दुखणं नव्हे, सुटका नसणं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मुलाला फोन करून मी तोच शब्द वापरला.

"अरे, पायाला फार जाच होतोय."

"अच्छा? होऊ दे ना आई. चांगलंच आहे."

"चांगलं काय त्यात?"

"अगं, एकदाचं सगळं क्लिअर होऊन जाईल. झाली की मिसकॉल दे. मी इथे बिल बनवतोय."

फोन बंद. मी पंख्याकडे बघत पडले. पोटचा पोर, आणि 'होऊ दे' म्हणतो? मग ते 'झाली की' खटकलं. जाच होतो. होते ती जाँच! इंदूरात वाढलेल्या पोराला वाटलं, पायाची तपासणी चालू आहे.

पुन्हा फोन लावला. "जाँच नाही रे, जाच! पाँव फँस गया है प्लास्टर में, उँगलियाँ नीली पड़ रही हैं!"

"बाप रे! आलो, आलो!"

आला तो डॉक्टरांना ओढतच घेऊन आला. त्यांनी मशीनने प्लास्टर उभं चिरलं आणि माझ्यावरच डाफरले, "पहले क्यों नहीं बताया?"

आता घरी आहे. नवं प्लास्टर सैल आहे, पण ओटा, गॅलरी, रस्ता, सगळं पलंगाच्या पलीकडे. ऑफिसला निघताना मुलगा दारातूनच विचारतो, "आई, जाच होते का?"

"होतो," मी म्हणते.

त्याला वाटतं, मी व्याकरण सुधारतेय.